मुलांना मोबाइल आपल्याहून चांगला येतो, मग आयसीटीच्या तासाला शिकवायचं काय?

तुम्ही विचारलंय की यंदा पहिल्यांदाच आठवी-नववीचा आयसीटीचा (माहिती आणि संप्रेषण तंत्रज्ञानाचा) विषय हातात आलाय, मुलं मोबाइल तुमच्यापेक्षा सफाईने चालवतात आणि पुस्तकात अक्षर ठळक कसं करायचं, स्लाइड कशी टाकायची एवढंच दिलंय. मग सुरुवात कुठून करायची?

फाइलपासून करा. ऐकायला फार साधं वाटेल, पण मोबाइलवर वाढलेल्या मुलांचा फाइलशी फारसा संबंधच आलेला नसतो. फोटो गॅलरीत, गाणं ॲपमध्ये, बाकीचं शोधलं की सापडतं. 'काम कुठे सेव्ह केलंस?' असं विचारलं की उत्तर येतं, 'वर्डमध्ये.' म्हणून पहिले काही तास फोल्डर, फाइलचं नाव, एक्स्टेन्शन (नावाच्या शेवटी टिंबानंतर येणारी, फाइलचा प्रकार सांगणारी अक्षरं), मूळ फाइल आणि तिची कॉपी यांनाच द्या. एकाच फाइलची कॉपी दुसऱ्या फोल्डरमध्ये ठेवायला सांगा, एकीत बदल करायला लावा आणि मग दुसरी उघडायला सांगा. तिथे बदल दिसत नाही म्हटल्यावर प्रश्न मुलांकडूनच यायला लागतात.

मेनू पाठ करून घेण्यात वेळ घालवू नका. बटणांच्या जागा पुढच्या आवृत्तीत बदलतात. माहिती मशीनमध्ये कशी साठते आणि कुठे फसवते, हे मात्र मुलांना आयुष्यभर पुरतं.

माझा सगळ्यात जास्त भर स्प्रेडशीटवर, म्हणजे एक्सेलसारख्या तक्त्यावर असतो. बी कॉलममध्ये वस्तूंच्या किमती टाका, कराचा दर एकट्या ई१ या सेलमध्ये (चौकटीत) ठेवा आणि सी२ मध्ये =बी२*ई१ लिहायला सांगा. उत्तर बरोबर येतं. आता फॉर्म्युला खाली ओढायला लावा. खालच्या सगळ्या ओळींत शून्य! इथे घाई करून उत्तर सांगू नका. सी३ मधल्या शून्यावर क्लिक करून वरच्या पट्टीत काय लिहिलंय ते मोठ्याने वाचायला लावा: =बी३*ई२. फॉर्म्युला एक ओळ खाली आला तसा ई१ सुद्धा खाली सरकला, आणि ई२ तर रिकामा आहे. हे मुलाने स्वतः वाचलं की $ई$१ मधली, सेलला जागेवरून सरकू न देणारी डॉलरची चिन्हं कशासाठी, ते वेगळं समजवावं लागत नाही.

पुढच्या तासाला हजेरी क्रमांक ००७ टाइप करायला सांगा, तिथे ७ उरतो. ३-४ लिहिलं की बहुतेक वेळा त्याची तारीख होते. मुलांना ही गंमत वाटते, तेव्हा त्यांना जनुकांची गोष्ट सांगा. मार्च१, सेप्ट१ अशा नावांच्या जनुकांना एक्सेल तारखा समजायचं आणि संशोधकांच्या तक्त्यांत चुका शिरायच्या. शेवटी मानवी जनुकांची नावं ठरवणाऱ्या समितीने नावंच बदलली. मार्च१ चं मार्चएफ१ झालं, सेप्ट१ चं सेप्टिन१, आणि २०२० मध्ये तसे नियमही जाहीर केले. त्याच वर्षी इंग्लंडमध्ये कोरोना पॉझिटिव्ह आलेल्या जवळपास १६ हजार लोकांच्या नोंदी रोजच्या आकड्यांतून गळल्या, कारण माहिती एक्सेलच्या जुन्या फाइल प्रकारात भरली जात होती आणि त्यात ६५,५३६ च्या पुढे ओळी मावत नाहीत. त्या लोकांच्या संपर्कात आलेल्यांना शोधायला उशीर झाला. असं काही ऐकलं की मुलं सेलचा फॉरमॅट (आत आकडा, मजकूर की तारीख) आणि फाइलचा प्रकार गांभीर्याने घेतात.

६५,५३६ हा आकडा फळ्यावर तसाच राहू द्या, बायनरीला, म्हणजे फक्त ० आणि १ वर चालणाऱ्या मोजणीला तो लागतो. पाच मुलांना १६, ८, ४, २, १ अशी कार्डं देऊन ओळीत उभं करा आणि १९ दाखवायला सांगा. १६, २ आणि १ वाली मुलं कार्ड वर धरतील. अशी सोळा कार्डं असती तर शून्य धरून बरोब्बर ६५,५३६ वेगवेगळे आकडे दाखवता आले असते. या तासाला एकही कॉम्प्युटर लागत नाही, म्हणजे वीज नसेल तेव्हाही तो घेता येतो.

मशीन कमी असतील तर जोड्या करा. एकाच्या हातात माउस, दुसऱ्याने फक्त सांगायचं, आणि दर दहा मिनिटांनी अदलाबदल. ही अदलाबदल तुम्ही स्वतः घड्याळ लावून करा, नाहीतर जो चपळ आहे तोच तासभर माउस धरून बसतो आणि दुसरा नुसता बघत राहतो.

राहिली परीक्षा. घरून करून आणलेलं प्रेझेंटेशन कोणी केलंय हे कळायला मार्ग नसतो. त्याऐवजी वर्गातच मुद्दाम बिघडवलेली शीट द्या: एका बेरजेत शेवटची ओळ सुटलेली, एक आकडा मजकूर म्हणून साठलेला, फक्त नावांचा कॉलम सॉर्ट केल्यामुळे एकाचे गुण दुसऱ्याच्या नावावर गेलेले. दुरुस्तीला थोडे गुण ठेवा. जास्त गुण, चूक कशावरून लक्षात आली हे दोन ओळींत लिहिण्याला.