वाचक विचारतात : शिलाई कारखान्यातल्या दोघी

प्रश्न : १९०९च्या न्यूयॉर्कमध्ये ब्लाउज शिवणाऱ्या कारखान्यातल्या दोन मुलींची प्रेमकथा लिहिते आहे. एक रशियातून आलेली ज्यू, दुसरी सिसिलीची. शेजारी बसून गप्पा मारता मारता त्यांचं जमतं. मैत्रिणी म्हणतात, पटत नाही. वातावरणासाठी गिरणगावाची माहिती वापरली आहे. चुकतंय कुठे?
– एक वाचक, सांगली

उत्तर : गप्पांमध्ये. लांब टेबलांवर समोरासमोर मशीन, खाली विजेच्या मोटरवर फिरणारा एकच शाफ्ट, सगळी मशीन त्याला जोडलेली. त्या आवाजात शेजारणीशीही ओरडूनच बोलावं लागे, आणि ओरडलं की मुकादम हजर. त्यात एकीची भाषा यिडिश, दुसरीची सिसिलियन. म्हणून संवाद कापा, ओळख हातांनी होऊ द्या. पायडलवरचा पाय सुटायच्या आत कापड सारणारं बोट सुईखाली जातं, सुई नखातून आरपार जाऊन तुटते. बोट कोण बांधतं? सुईचे पैसे कोण भरतं? (अनेक मालक सुई-दोऱ्याचे पैसेही मजुरीतून कापत.) एवढ्यावर तुमचा पहिला प्रसंग उभा राहील.

गिरणगावातले साचे (माग), धोटे, भोंगा मात्र काढाच. इथे सूतही नाही, विणकामही नाही. तलम सुती कापड पुरुष कारागीर थरांनी कापतात आणि बाह्या, कॉलर, कफ बंडलांनी मुलींकडे येतात.

कारखान्याबाहेर दोघींना सारखी मोकळीक देऊ नका. ज्यू मुलगी रात्रशाळेत, सभेला एकटी जाऊ शके. सिसिलियन मुलीला बहुधा बाप किंवा भाऊ सोबत असे आणि पगार आईच्या हाती जाई. तुमच्या कथेतली खरी ठिणगी इथेच आहे. २२ नोव्हेंबर १९०९ला कूपर युनियन या महाविद्यालयाच्या सभागृहातल्या सभेत क्लारा लेमलिच या शिलाई कामगार मुलीने यिडिशमध्ये संपाची हाक दिली. दुसऱ्या दिवसापासून हजारो मुली बाहेर पडल्या, पण त्यात इटालियन फार थोड्या. म्हणजे एक थंडीत दारावर उभी, पोलिसांच्या तावडीत. दुसरी तिच्यासमोरून आत कामाला जाते. संप मिटेपर्यंत, म्हणजे फेब्रुवारी १९१०पर्यंत, हा दुरावा ताणता येईल.

दोघींनी एका खोलीत, एका पलंगावर राहण्यात तेव्हा कुणाला काही वावगं वाटत नसे. पोटभाडेकरू मुली तशाच राहत. त्यामुळे शेजाऱ्यांची कुजबुज नको, धाक लग्नाच्या बोलणीचा हवा. नात्याला आजची नावंही त्यांच्या तोंडी घालू नका. खरं उदाहरण घ्या : लिथुआनियाहून आलेली पॉलीन न्यूमन लहानपणीच ट्रँगल या न्यूयॉर्कच्या ब्लाउज कारखान्यात लागली, पुढे कामगार संघटक झाली आणि फ्रीडा मिलरबरोबर अनेक दशकं राहिली. फ्रीडाची मुलगी दोघींनी वाढवली. शेवट मृत्यूनेच व्हायला हवा असं नाही.

तरीही २५ मार्च १९११ची ट्रँगलची आग घेणारच असाल, तर मजला जपून निवडा. आग आठव्या मजल्यावर, कापडाच्या चिंध्यांच्या पेटीत लागली. दहाव्याला टेलिफोनने कळलं, नवव्याला कुणी कळवलंच नाही, आणि तिथला एक दरवाजा कुलूपबंद होता. १४६ जण गेले, बहुतेक नवव्यावरचे.