हाताची तीन कामं

पॅरिसच्या २०२४ च्या पॅरालिंपिकमध्ये तिरंदाज शीतल देवी आणि राकेश कुमार यांनी कंपाउंड म्हणजे कप्प्या लावलेल्या धनुष्याच्या मिश्र सांघिक प्रकारात कांस्य मिळवलं, तेव्हापासून परभणी-हिंगोलीकडचे आईबाप माझ्याकडे एकच काळजी घेऊन येतात. पायानं धनुष्य धरणाऱ्या त्या मुलीचा व्हिडिओ बघून पोरगं हट्टाला पेटलेलं असतं आणि बापाला वाटतं, लेकराला खोटी आशा लावू नये.

एका मुलाचा उजवा हात सोयाबीनच्या मळणी यंत्रात कोपराच्या वर गेलेला. वय सतरा. वडील म्हणाले, “मॅडम, त्या पोरीचं म्हणजे देवाची करणी. आमच्या लेकराला हातच न्हाई, ओढंल कशानं?”

“धनुष्य मारताना हात काय काय करतो, दादा?”

त्यांनी बोटं मोजली. धरतो. ओढतो. सोडतो.

“यातलं कोणतं अडलंय?”

ते गप्प. पोरगंच बोललं, “धरायला डावा हाय की. दोनच राहिली.”

त्याआधीच्या तीन बैठकांत ते तोंड वर करून बोललं नव्हतं. ‘हात गेला’ म्हटलं की माणूस तिथंच बसतो; ‘दोन कामं अडली’ म्हटलं की तोडगा शोधायला लागतो. मी भावनेआधी कामाकडे बघते. काहींना हे कोरडं वाटतं. मला त्याचा गुण पुन्हा पुन्हा दिसलाय.

त्या दोन कामांना दात आहेत. बाण अडकतो तिथं दोरीला चामड्याची किंवा नायलॉनची पट्टी बांधतात आणि ती दाढांत धरतात. पुढच्या दातांत धरली तर हिरड्या दुखतात, दात हलतो. म्हणून आधी दातांच्या डॉक्टरला दाखवावं. मान मागे खेचायची नाही. ती ताठ ठेवून डाव्या हातानं धनुष्य पुढे ढकलायचं; जबडा उघडला की बाण सुटतो. सुटताना तोंड फिरवलं की बाण भरकटतो, नव्यांची ही हमखास खोड. सुरुवात ओढायला १५-१८ पौंड जोर लागणाऱ्या धनुष्यानं, पाचेक मीटरवरून. पट्टी जितकी लांब तितकी ओढ कमी, त्यामुळे एकदा बसलेलं माप बदलू नये. बाण लावताना धनुष्य मांडीवर टेकवावं.

व्हीलचेअर असेल तर खुर्ची लक्ष्याला आडवी लावून ब्रेक लावायचे. धनुष्याचं खालचं टोक चाकाला किंवा गुडघ्याला लागत नाही ना, ते बाण न लावता आधी बघायचं. धड सावरत नसेल तर पट्टा. पाय, धड आणि हात अशा सगळ्यांत कमजोरी असलेल्यांचा डब्ल्यू-वन गट वेगळा, त्यात ४५ पौंडांपुढचं धनुष्य चालत नाही. अंतर ५० मीटर; कमजोरी त्याहून कमी असलेल्यांच्या खुल्या गटात रिकर्व्हला, म्हणजे टोकं पुढे वळलेल्या धनुष्याला, ७०. स्पर्धेत अशी साधनं वापरायला अपंगत्वाच्या वर्गीकरणात नोंद लागते. गावच्या मैदानावर कोण विचारतंय!

पुढच्या खेपेला वडिलांनी बैलाच्या जुन्या घुंगरमाळेचा चामडी पट्टा आणला. “हे चालंल का?”

पोरानं दाढेत धरून बघितला. “लई जाड हाय. कड बोचायलीय.”

वडिलांनी खिशातला चाकू काढला आणि माझ्या टेबलावरच कड तासायला घेतली.