रेषेतला ‘ताण’ आणि आकाराचं ‘बल’

तुमच्या मुलीच्या फाउंडेशनच्या, म्हणजे कलाशिक्षणाच्या पायाभूत, वर्गात सर ‘रेषेतला ताण दाखवा’, ‘आकाराचं बल वाढवा’ म्हणतात. चित्रकलेत ही भौतिकशास्त्राची भाषा कशाला, आणि तिला काही अर्थ आहे की नुसता रुबाब, असं तुम्ही विचारलंय. बरीच वर्षं हाच वर्ग घेतोय, म्हणून जरा ऐसपैस लिहितो.

ही भाषा बरीचशी बाउहाउस या जर्मनीतल्या कला आणि डिझाइनच्या शाळेतून आली. वायमार शहरात १९१९ साली वास्तुकार ग्रोपियसनं ही शाळा काढली तेव्हा भर हस्तकौशल्यावर होता. १९२३ मध्ये घोषणा बदलली: कला आणि तंत्रज्ञान, नवी एकात्मता. त्याच वर्षी तिथं शिकवणाऱ्या चित्रकार कांडिन्स्कीनं एक प्रश्नावली वाटली. त्रिकोण, चौरस, वर्तुळ. यांत पिवळा, लाल, निळा भरा, कारण लिहा, स्वतःचा व्यवसायही लिहा. थाट अगदी सर्वेक्षणाचा. पण त्रिकोण पिवळा, चौरस लाल आणि वर्तुळ निळं हे साहेबांचं आधीच ठरलेलं, आणि फॉर्म भरणारे बाउहाउसचेच. याला मी तरी प्रयोग म्हणणार नाही.

आता बाउहाउसचाच दुसरा शिक्षक आल्बर्स बघा. त्याचा एक विद्यार्थी सांगतो: वर्गात वर्तमानपत्रांचा गठ्ठा आणला, वाटला, म्हणाला यातून काहीतरी करा, आणि निघून गेला. परत आला तर होड्या, किल्ले, प्राणी. त्यानं ते बाजूला सारले आणि एका मुलाचा उभ्या घड्या घातलेला कागद उचलला. लुळा कागद पडद्यासारखा उभा राहिला होता! शास्त्राचा एकही शब्द नाही, पण कागद उभा राहतो की पडतो, हे कुणालाही तपासता येतं.

पुढे शाळा डेसाऊ शहरात होती आणि हानेस मायर तिचा संचालक होता, तेव्हा, १९२९ मध्ये, तर्कशास्त्रज्ञ कार्नाप तिथं व्याख्यानं देऊन गेला. म्हणजे खरं विज्ञानही दारात आलं होतं. वर्गात मात्र जास्त टिकले ते उसने शब्द. आपल्याकडेही.

म्हणून मुलीला शब्दाचा अर्थ विचारू नका. ‘ताण वाढवायला रेषेत नेमकं काय बदलशील?’ असं विचारा. माझ्या वर्गात एकीनं यावर काळी पट्टी कागदाच्या कडेला न टेकवता दोन मिलिमीटर आधी थांबवली. मग शेजारी तीच पट्टी कडेला टेकवून काढली. दोन्ही कागद भिंतीवर लावले तेव्हा सगळ्यांची नजर त्या दोन मिलिमीटरच्या फटीत अडकत होती.