"म्हणजे मी आता शिकवणार नाही का, मॅडम?"

परभणीकडची ती मुलगी जूनमध्ये संभाजीनगरला माझ्याकडे आली. भूगोलात एम.ए., सेट म्हणजे सहायक प्राध्यापकाची पात्रता परीक्षा पास, नऊ वर्षं सीएचबी, म्हणजे तासांवर शिकवणं. पुण्याच्या एका खासगी विद्यापीठाने तिला ऑनलाइन अभ्यासक्रम विभागात बोलावलं होतं. काम काय, तर तिथल्या प्राध्यापकांना ऑनलाइन शिकवायला तयार करायचं, पुढे विभागच सांभाळायचा. पगार महिन्याच्या महिन्याला. तरी पाय निघत नव्हता.

"घरचे म्हणतेत, प्राध्यापकी सोडून व्हिडिओ काढत बसणार का? अन् उद्या जागा निघाली तर नऊ वर्षांचा अनुभव वाया जाईल ना?"

हा प्रश्न मला सारखा येतो. तिने प्लॅस्टिकची फाइल उघडली, दर वर्षीचा नवा आदेश नीट लावलेला. युजीसीच्या, म्हणजे विद्यापीठ अनुदान आयोगाच्या, 2018 च्या नियमावलीनुसार तात्पुरती सेवा अनुभवात धरायची तर निवड रीतसर समितीने केलेली हवी आणि एकूण वेतन नियमित सहायक प्राध्यापकापेक्षा कमी नको. तासांवर मिळणारं मानधन त्यात कुठून बसणार? हे तिला नऊ वर्षांत कुणी सांगितलं नव्हतं. ती फाइलचं बटण नुसतं लावत-काढत राहिली. सांगताना मलाही बरं वाटलं नाही.

मग म्हटलं, तुमचा एखादा व्हिडिओ दाखवा.

मे महिन्यातलं रान, भेगाळलेली काळी माती. ती एका भेगेत कोपरापर्यंत हात घालते आणि विचारते, "पाऊस पडल्यावर ही भेग कुठं जाईल? व्हिडिओ थांबवा, वहीत लिहा." सहा मिनिटांत संपला. एवढा छोटा का?

"गावात रेंज नसते, पोरं एसटी स्टँडवर डाउनलोड करतेत. मोठा असला की अर्धाच उतरतो अन् गाडी लागते."

याला शिकवणं नाही म्हणायचं तर कशाला म्हणायचं? स्वयम या केंद्र सरकारच्या ऑनलाइन मंचावरचे अभ्यासक्रमही व्हिडिओ, वाचनसाहित्य, चर्चा आणि मूल्यमापन अशा चार भागांत बांधतात. हिने ते व्हॉट्सॲप ग्रुपवर, नाव माहीत नसताना केलं होतं. युजीसीच्या त्याच नियमावलीत चार क्रेडिटचा असा पूर्ण अभ्यासक्रम केला तर शिक्षकाच्या संशोधन गुणांकनात 20 गुण आहेत. सामाजिक शास्त्रांतल्या शोधनिबंधाला 10.

तरी लगेच होकार देऊ नका, म्हणाले. आधी लेखी विचारा: पद शिक्षक संवर्गात की शिक्षकेतर? वर्गावर तास मिळतील का? अभ्यासक्रमावर नाव कुणाचं लागेल? पहिला प्रश्न विचारायला लोक लाजतात. पाटीवर 'हेड' असतं आणि आदेशात शिक्षकेतर, हे मी पुष्कळदा पाहिलंय.

उत्तर तसंच आलं. शिक्षकेतर, पण आठवड्याला दोन तास वर्ग, आणि अभ्यासक्रमावर तिचं नाव. आठ दिवस घरात धुसफुस झाली. सेटच्या प्रमाणपत्राला मुदत नसते, जागा निघाली की अर्ज करता येईल, एवढ्यावर ती गेली.

दिवाळीत फोन आला. विभागातले एक ज्येष्ठ सर कॅमेरा लागला की घाम पुसत बसतात म्हणे. "त्यांना मी आधी आपल्या रानातली भेग दाखवली, मॅडम. ते म्हणाले, हात मला घालायला लावशील ना?"