चिरा चढवणारे हात

प्रिय मित्रा,

खाणकामगारांच्या पुतळ्यासाठी केलेलं तुझं रेखाटन मिळालं. वळलेली मूठ, ताणलेली छाती, मागे उगवता सूर्य. असा कामगार भिंतीवरच्या पोस्टरात दिसतो, तुमच्या सड्यावरच्या, म्हणजे कातळाच्या माळावरच्या, चिरेखाणीत नाही. खाणीत जा आणि डोक्यावर चिरा चढतो तो क्षण बघ. तीसेक किलोचा जांभ्याचा चिरा एकटीला डोक्यावर घेता येत नाही, दुसरं कुणीतरी चढवून देतं. घेणारी गुडघ्यात किंचित वाकते, हनुवटी आत ओढते, चुंबळ एका हाताने धरून ठेवते. चिरा टेकला की मान ताठ, नजर सरळ आणि पावलं आखूड. तुझं शिल्प या चार हातांमध्ये आहे. देवीप्रसाद रायचौधरींनी चेन्नईच्या मरीनावर 1959 साली उभारलेल्या श्रमिकांच्या शिल्पात चौघांचा जोर एकाच खडकावर लागलेला दिसतो, तेही नीट बघ. महाडला 20 मार्च 1927 रोजी झालेली कृतीसुद्धा ओंजळीने पाणी पिण्याची होती. एवढ्या साध्या हालचालीत केवढं राजकारण मावतं!

बसवून रेखाटणार असशील तर त्या दिवसाची पूर्ण मजुरी दे. चेहरा हुबेहूब हवा की नको, हे त्यांनाच ठरवू दे. सार्वजनिक जागेवर पुतळा बसवायला जिल्हाधिकाऱ्यांची परवानगी लागते, ग्रामसभेचा ठरावही घे. पण ग्रामसभा गावच्या मतदारांची. खाणीवरचे बरेच मजूर परमुलखातून आलेले, त्यांची नावं तुमच्या यादीत नसतात. म्हणजे ज्यांचं शिल्प, त्यांनाच मत नाही. म्हणून शाडूचा फूटभर नमुना आधी त्यांच्या झोपड्यांपाशी ने. हात चुकला असेल तर तिथे लगेच कळेल.

आता सामान. शिल्पकार रामकिंकर बैज यांनी 1938 मध्ये शांतिनिकेतनात ‘संथाळ कुटुंब’ हे शिल्प घडवलं ते सिमेंट आणि जांभ्याच्या खडीत. जांभा तर तुझ्या दारातच आहे. चाळलेली बारीक खडी पाणी स्वच्छ निघेपर्यंत धू, कारण माती राहिली तर थर सुटतो. एक भाग सिमेंटला रेती आणि खडी मिळून तीन भाग. पाणी बेताचं आणि गोड्या विहिरीचं. खाडीची रेती फुकट मिळाली तरी घेऊ नकोस. त्यातल्या मिठाने आतली सळई गंजते, गंज फुगतो आणि दोन-तीन पावसाळ्यांत बाहेरचं सिमेंट तडकून ढलप्या पडतात. किनाऱ्यावर बिघडलेल्या बहुतेक सिमेंट-शिल्पांचं दुखणं हेच असतं.

पाच फुटी आकृतीला पायातून पाठीपर्यंत 12 मिमी सळई, हातांना 8 मिमी, वर चिकन जाळीचे दोन थर. सळई स्टेनलेसची घे. परवडत नसेल तर गॅल्वनाइज्ड, पण वेल्डिंगच्या जागी जस्ताचा लेप जळून जातो, तिथे झिंकच्या रंगाचे दोन हात मार. जाळीवर निदान 40 मिमी आवरण हवं. मिश्रण एकदम थापू नकोस, बोटभर थर लाव, ओला असतानाच खरवडून ठेव आणि पुढचा दुसऱ्या दिवशी. नंतर चौदा दिवस ओलं गोणपाट. इथे आळस केलास तर केसासारख्या भेगा येतील आणि खारा वारा त्यातूनच आत शिरेल.

सगळ्यात नाजूक जागा घोटा. दोन माणसं आणि वरचा चिरा, सगळा भार तिथे येतो. म्हणून पायांमध्ये फुटक्या चिऱ्यांचा ढीग घडव आणि सळया त्यातून खाली जमिनीतल्या पायापर्यंत उतरव. खाणीत असा ढीग असतोच, तो आधारासाठी घातलाय हे कुणाला जाणवणार नाही. कोपराच्या वळणात आणि लुगड्याच्या चुण्यांत पाणी साचतं, तिथे उतार दे. चौथरा वीतभरच ठेव, बायांना शेजारी उभं राहता आलं पाहिजे.

दिवाळीनंतर सांगाडा, मार्चअखेर शेवटचा थर, म्हणजे पावसाआधी सिमेंट पुरतं मुरेल. शाडूचा नमुना झाला की फोटो पाठव, बाजूने आणि पाठीमागून. समोरून नको, तोल समोरून कळत नाही.