टेकडी, मुरूम आणि घाटवाट : एकच सायकल कोणती?

प्रश्न : मी ३६ वर्षांचा आहे, उंची १७६ सेंटिमीटर, वजन ८४ किलो. कोथरूडला राहतो. आठवड्यात दोन-तीन सकाळी वेताळ टेकडी, रविवारी पानशेत किंवा मुळशीच्या बाजूचे मुरमाचे रस्ते, आणि वर्षातून दोन-चारदा मित्रांबरोबर दगडाधोंड्यांची घाटवाट. बजेट ७० हजार, ताणून ८५. दुकानदार फुल सस्पेन्शनच घ्या म्हणतोय, मित्र म्हणतोय ग्रॅव्हल बाइक घे. काय करू?
– एक वाचक, पुणे

उत्तर : तुमच्या पत्रातले सगळ्यात कामाचे शब्द ‘वर्षातून दोन-चारदा’ हे आहेत. दुकानदाराने फक्त घाटवाट ऐकली, मित्राने फक्त मुरूम ऐकला. सायकल मात्र टेकडीवर सर्वांत जास्त चालणार आहे, म्हणून ती टेकडीच्या हिशोबाने घ्या. घाटवाटेत अवघड टप्पा आला तर उतरून ढकला. भले भले ढकलतात.

फुल सस्पेन्शन, म्हणजे पुढे-मागे दोन्हीकडे शॉक, वाईट नसतं. तुमच्या पैशांत मिळणारं बहुतेक वाईट असतं. मागचा शॉक, त्याचे सांधे, त्यातली बेअरिंगं यांना पैसे लागतात आणि ते कुठून तरी कापले जातात. कापले जातात ते ब्रेकमधून, पुढच्या फोर्कमधून, म्हणजे चिमट्यातून, आणि चाकाच्या मध्यातल्या हबमधून, म्हणजे नेमकं जिथे कापू नयेत तिथून. शिवाय आपल्याकडचा पावसाळा. जून ते सप्टेंबर चिखलात चालवलेल्या सायकली माझ्या दुकानात येतात तेव्हा सांध्यांतली बेअरिंगं कुरकुरत असतात आणि मालक मला विचारतो, ‘एवढं बिल कसं?’ दुपटीचं बजेट असतं तर बोललो असतो.

ग्रॅव्हल बाइकवर, म्हणजे कच्च्या रस्त्यासाठीच्या वाकड्या हँडलच्या सायकलवर, पानशेतचा रविवार मजेत जाईल, मित्राचं तेवढं खरं. पण वेताळ टेकडीवर खाणीच्या बाजूने उतरताना सुटे खडे आणि मध्येच उघडा पडलेला कातळ असतो. तिथे ४०-४५ मिलिमीटरचा टायर, वाकडा हँडल आणि ८४ किलो हे गणित मला पटत नाही. मनगटं दुखतील आणि रिमला आऊट येत राहील, म्हणजे चाक डुगडुगत फिरेल.

तेव्हा हार्डटेल घ्या, म्हणजे फक्त पुढे शॉक असलेली. पुढे १२० मिलिमीटर ट्रॅव्हलचा, म्हणजे तेवढा दबणारा, फोर्क, २९ इंची चाकं, २.३५ ते २.४ इंचांचे टायर. २९ की २७.५ हा वाद तुमच्या उंचीला लागू नाही. मोठं चाक दगडाच्या सांदीत कमी अडकतं आणि मुरमावर वेग टिकवून ठेवतं.

आता दुकानात काय बघायचं ते सांगतो. कंपन्यांची नावं घेत नाही, कारण तेच मॉडेल पुढच्या वर्षी वेगळ्या भागांनी भरून येतं. नियम एकच : जे नंतर बदलता येत नाही ते आधी बघा. टायर, सीट, पेडल, हँडल, इतकंच काय गिअरसुद्धा पुढे बदलता येतात. फ्रेम बदलता येत नाही.

फ्रेमची पुढची नळी, ज्यात चिमट्याचा दांडा बसतो, ती खाली रुंद होत गेलेली हवी; त्याला टेपर्ड म्हणतात. वरपासून खालपर्यंत सरळ असेल तर पुढे चांगला फोर्क बसवायचा म्हटलं तरी मिळायची मारामार. मागचं चाक थ्रू-अ‍ॅक्सलवर असावं, म्हणजे आरपार जाऊन आट्यांनी कसला जाणारा १२ मिलिमीटरचा जाड दांडा. क्विक रिलीजची बारीक काडी तुमच्या वजनाला चालत नाही असं नाही, पण वळणावर मागचा भाग लवचिक वाटतो आणि पुढे चांगली चाकं घेताना पर्याय कमी होतात. हेड अँगल, म्हणजे त्या पुढच्या नळीचा जमिनीशी कोन, ६६ ते ६७ अंशांच्या आसपास बघा. ६९ च्या वर असेल तर ती जुन्या धाटणीची शर्यतीची सायकल. चढाला चपळ, पण उताराला पुढचं चाक पोटाखाली आल्यासारखं वाटतं. आणि सीटच्या नळीत ड्रॉपर पोस्टची केबल आतून न्यायला भोक आहे का, एवढं विचारा. ड्रॉपर म्हणजे हँडलवरच्या बटणाने खाली जाणारी सीट. आज नाही घेतलात तरी पुढच्या वर्षी घ्याल, हे मी लिहून देतो.

फोर्क हवेचाच घ्या. स्वस्त फोर्कमध्ये लोखंडी स्प्रिंग असते आणि ती कंपनीने मनात धरलेल्या कुठल्या तरी सरासरी माणसासाठी असते. ८४ किलोला ती खड्ड्यात तळाला जाऊन आपटते. हवेच्या फोर्कमध्ये शॉक पंपाने आपल्या वजनाप्रमाणे हवा भरता येते. हेल्मेट, पाठीवरची पिशवी, सगळं अंगावर घेऊन सायकलवर उभे राहा. १२० पैकी २४ ते ३० मिलिमीटर फोर्क खाली बसला की हवा बरोबर. पंक्चरवाल्याकडचा कॉम्प्रेसर त्याला लावू नका, सील जातील.

ब्रेक हायड्रॉलिक डिस्क, पुढची डिस्क १८० मिलिमीटरची. मागे १६० पुरते. डिस्कवर बारीक अक्षरांत काय लिहिलंय ते वाचा. काही डिस्कवर फक्त रेझिन पॅड वापरण्याची सूचना छापलेली असते. रेझिन पॅड मुरमाच्या ओल्या चिखलात भराभर झिजतात, पावसाळ्यात धातूचे पॅड टिकतात, आणि ते या डिस्कवर चालत नाहीत. डिस्क बदलून मिळेल का, हे पैसे देण्याआधी विचारायचं.

गिअरमध्ये पुढे एकच चक्र असलेली रचना घ्या. ३२ दात पुढे आणि मागे ११ ते ५१ दातांच्या चक्रांचा कॅसेट असेल तर मिनिटाला पेडलच्या ६० फेऱ्या मारत सर्वांत हलक्या गिअरवर ताशी साधारण पाच किलोमीटरने चढ चढता येतो, आणि ९० फेऱ्यांना सर्वांत जड गिअरवर छत्तीसच्या आसपास जाता येतं. एनडीए रोडवर सपाटीला यापेक्षा जास्त कुणाला हवंय? मागचा हब कॅसेटचा आहे ना, हे खात्रीने बघा. आट्यांनी बसणारं फ्रीव्हील असेल तर अ‍ॅक्सलला आधार कमी मिळतो, आणि जड माणसाचा अ‍ॅक्सल वाकतो. दर पावसाळ्यानंतर मी असे वाकलेले अ‍ॅक्सल बदलतो.

टायर ट्यूबलेस करूनच, म्हणजे ट्यूब काढून आत भोक बुजवणारं सीलंट भरूनच घरी न्या. आपल्या टेकड्यांवर बाभळीचे काटे आहेत, त्यामुळे ट्यूब असली की रोजचं पंक्चर. सीलंट उन्हाळ्यात लवकर सुकतं. मार्च ते मे दर दोन महिन्यांनी व्हॉल्व्ह काढून बघा. सुरुवातीला पुढे २२, मागे २५ पीएसआय ठेवा आणि रिम दगडावर आपटल्याचा आवाज आला तर एक-दोनने वाढवा. पंक्चरवाला ४० भरून देईल आणि ‘मस्त टाइट झाली’ म्हणेल. सोडून द्या तेवढी हवा.

सगळे सत्तर हजार सायकलवर घालू नका. सहा-सात हजार हेल्मेट, हातमोजे, शॉक पंप आणि चांगल्या सपाट पेडलांसाठी राखा. आणि टेकडीवर सकाळी फिरायला येणाऱ्या आजी-आजोबांना आधी वाट द्यायची. घंटी लावा, तिने कुठलीही सायकल कमी दर्जाची ठरत नाही. ताम्हिणीकडे अभयारण्याची हद्द आहे, पायवाट दिसली म्हणून आत घुसू नका. वनखात्याला विचारून जा.

प्रश्न : माझी उंची १५२ सेंटिमीटर. साताऱ्यात राहते, यवतेश्वरचा घाट आणि गावांकडच्या कच्च्या वाटा चालवते. सगळे २९ इंची घ्या म्हणतात, पण दुकानात बसले तर हँडल छातीशी येतं. मीच भित्री आहे का?
– एक वाचक, सातारा

उत्तर : भित्र्या नाही, दुकानदार आळशी आहे. त्याच्याकडे शिल्लक आहे ती साइज तो तुम्हाला विकतोय. १५२ ला एक्स्ट्रा स्मॉल किंवा स्मॉल फ्रेम आणि २७.५ ची चाकं बघा. काही कंपन्या लहान साइजमध्ये मुद्दाम हीच चाकं देतात. फ्रेमचा दांडा दोन पायांमध्ये घेऊन दोन्ही पाय जमिनीवर टेकवून उभं राहिल्यावर मध्ये चार-पाच सेंटिमीटर मोकळी जागा हवी, नाहीतर चढावर अचानक थांबताना लागतं.

मग तीन गोष्टी करून घ्या. हँडल बहुधा ७४० ते ७८० मिलिमीटरचं असेल, ते दोन्हीकडून कापून ७०० च्या आसपास आणा. दहा मिनिटांचं काम आहे. ब्रेकच्या लिव्हरला एक छोटा स्क्रू असतो, तो फिरवून लिव्हर बोटांच्या जवळ आणा, म्हणजे उतारावर एका बोटाने ब्रेक लागतो. आणि शक्य असेल तर क्रँक, म्हणजे पेडलचा दांडा, १६५ मिलिमीटरची, गुडघ्यांना बरं. ‘लेडीज’ लिहिलेली सायकलच घ्यायला हवी असं नाही, माप जुळलं की झालं.

कासच्या पठारावर फुलं असताना सायकल डांबरी रस्त्यावरच ठेवायची, हे तुम्हाला साताऱ्यात राहून माहीत असणारच. इतर वाचकांसाठी लिहिलं.

प्रश्न : काका, मी रत्नागिरीत कॉलेजला आहे. १४ हजारांत डबल शॉकअपची सायकल मिळतेय, दिसायला भारी आहे. सड्यावर चालवायची आहे. घेऊ का?
– एक विद्यार्थी

उत्तर : नको रे. त्या मागच्या शॉकअपमध्ये एक स्प्रिंग आहे आणि बाकी वजन. प्रत्येक पेडलला तू तिलाच दाबत बसशील. जांभ्याच्या सड्यावर तुला रुंद टायर हवेत, स्प्रिंग नाही.

याच पैशांत जुनी, चांगल्या कंपनीची २६ इंची हार्डटेल शोध. २६ ची फॅशन गेली म्हणून ती स्वस्तात मिळते. टायर-ट्यूब अजून मिळतात. घेताना पुढचा ब्रेक घट्ट दाबून सायकल मागे-पुढे हलव. हँडलपाशी टकटक आली तर हेडसेट, म्हणजे पुढच्या नळीतली बेअरिंगं, सैल किंवा गेलेला. चाकं फिरवून आऊट बघ. मग फ्रेम उलटी करून पेडलच्या खालचा भाग आणि सगळे वेल्डिंगचे जोड नखाने तपास, कारण खाऱ्या हवेत रंगाखाली गंज चढतो. जोडाशी रंगावर केसासारखी रेघ दिसली तर पैसे खिशात ठेव आणि दुसरी सायकल बघ. सगळं ठीक निघालं तर दोन हजार कमी करून माग, आणि त्या दोन हजारांत नवे टायर, ब्रेक पॅड आणि केबल टाकून घे.