लोकांनी मिळून ऑर्केस्ट्रासाठी संगीत रचायचं असेल तर कोणतं अ‍ॅप वापरावं, आणि ‘संगीतकार’ म्हणून नाव कोणाचं छापावं?

अ‍ॅपचं कुणीही सांगेल. मी लिहायला बसलोय ते तुमच्या दुसऱ्या प्रश्नामुळे. तुम्ही लिहिलंय की नाशिकमधल्या लोकांकडून फोनवर आवाज आणि सुरावटी मागवून तुमच्या कॉलेजातली मुलं पंधरा मिनिटांची रचना करणार आहेत, आणि आता पत्रिकेवर ‘संगीत’ या शब्दापुढे काय लिहायचं यावर खल चाललाय. याच गोष्टीवरून एका गृहस्थांशी माझं कित्येक वर्षं वाजलेलं आहे, तेव्हा उत्तर लांबणार.

मी टोरंटोजवळ मिसिसागाला राहतो. तरुणपणी सांगलीत गणपतीतल्या ऑर्केस्ट्रात अकॉर्डियन वाजवायचो, एवढीच माझी संगीतातली पात्रता. २०१२ मध्ये टोरंटो सिंफनी ऑर्केस्ट्राने संगीतकार टॉड मॅकओव्हरना बोलावलं. अमेरिकेतल्या एमआयटीच्या मीडिया लॅबवाले, चेलोवादक यो-यो मासाठी हायपरचेलो (कॉम्प्युटरला जोडलेला चेलो) करणारे, तेच. त्यांनी अख्ख्या शहराला आवाहन केलं की तुमच्या शहराचे आवाज पाठवा, मी दिलेल्या तुकड्यांची मोडतोड करा, आपण मिळून लिहू. मी स्ट्रीटकार, म्हणजे इथली ट्राम, वळणावर वळताना रुळावर चाकं घासून जी किंचाळी निघते ती फोनवर पकडून पाठवली. बायको म्हणाली, लोक त्या आवाजाला कानात बोटं घालतात आणि तुम्ही तो टिपत बसा.

९ मार्च २०१३ ला रॉय थॉमसन हॉलमध्ये पीटर उंजियान यांच्या बॅटनखाली ती रचना पहिल्यांदा वाजली. संगीताबरोबर सीएन टॉवरचे दिवे बदलत होते म्हणे, आत बसलेल्यांना टॉवर अर्थातच दिसत नव्हता. मध्येच लोखंडावर लोखंड घासल्यासारखं काहीतरी कानावर आलं आणि मी बायकोला कोपर मारलं. तिच्या मते ते व्हायोलिन होतं. हा वाद आमच्या घरी अजून मिटलेला नाही, पण तो वेगळा वाद.

त्या रचनेचं पूर्ण नाव होतं ‘अ टोरंटो सिंफनी: संगीतकार आणि शहर यांच्यासाठी कॉन्चेर्तो’. कॉन्चेर्तो म्हणजे एक वादक एका बाजूला, ऑर्केस्ट्रा दुसऱ्या बाजूला अशी रचना. मला हा प्रामाणिकपणा आवडला. शहराने सिंफनी लिहिली असं ते म्हणत नाहीत. शहर एका बाजूला, संगीतकार दुसऱ्या बाजूला, आणि दोघांत देवाणघेवाण. पुढे एडिंबरा, पर्थ, लुत्सर्न, डेट्रॉइट, फिलाडेल्फिया असं करत ते शहरोशहरी गेले. डेट्रॉइटला २०१५ मध्ये संचालक लिओनार्ड स्लॅटकिन होते. प्रत्येक ठिकाणी शेवटी पेन एकाच्याच हातात होतं, आणि माझं स्पष्ट मत आहे की ते तसंच असायला हवं.

बहुमताने संगीत होत नाही. २०१५ च्या सुमाराला इंटरनेटवर एक प्रयोग झाला होता, त्यात पुढचा स्वर कोणता यावर लोक मत द्यायचे आणि जिंकलेला स्वर सुरावटीला चिकटायचा. जे तयार होतं ते कुणालाच खटकत नाही, आणि कुणाच्या लक्षातही राहत नाही. न्यूयॉर्कच्या अमेरिकन कंपोझर्स ऑर्केस्ट्रासाठी जेसन फ्रीमननी ‘ग्लिमर’ लिहिलं. त्यात श्रोत्यांच्या हातात दिव्याच्या कांड्या, त्या उघड-मीट करायच्या, कॅमेरा ते टिपणार, कॉम्प्युटर हिशेब करणार आणि वादकांच्या स्टँडवरचे रंगीत दिवे त्यांना काय वाजवायचं ते सांगणार. कल्पना झकास आहे. पण शेकडो कांड्यांत माझ्या कांडीने काय झालं हे मला कधी कळणार? मतपेटीत मत टाकल्यासारखंच ते.

याच्या उलट हायपरस्कोर हे संगीत रचायचं सॉफ्टवेअर घ्या. मॅकओव्हरच्याच गटात मोरवारीद फारबूद आणि इगॉन पाश्टोर यांनी ते बांधलं. लहान मुलगा एका रंगाच्या चौकटीत थेंब मांडून छोटा तुकडा करतो, मग त्याच रंगाची रेघ मोठ्या कागदावर ओढतो. रेघ वर गेली की तुकडा वरच्या सुरांत जातो, लांबवली की पुन्हा पुन्हा येतो. मधून एक हार्मनीची रेघ जाते, ती वाकवली की सगळ्याचा ताण बदलतो. नोटेशनचं (स्वरलिपीचं) एक अक्षर येत नसलेलं पोर इथे खरा निर्णय घेतं: कुठे काय परत येणार, कुठे ताणायचं, कुठे सोडायचं. रचना म्हणतात ती याला. आवाज पाठवणं म्हणजे रचना नव्हे. माझी ट्राम धरून.

आता मूळ गोष्ट.

ते सगळं पाहून मी भारावलो आणि आमच्या इथल्या एका मंडळाच्या वर्धापनदिनाला असंच काहीतरी करू म्हणून हट्ट धरला. इथे शाळांमध्ये बँड असतो, त्यामुळे मराठी घरांतली पोरं काही ना काही वाजवतातच. आमच्याकडे फ्लूट चिक्कार, क्लॅरिनेट तीन, व्हायोलिन बरीच, एक चेलो, आणि हॉर्न (फुंकायचं पितळी वाद्य) वाजवणारी एक मुलगी, जिला घरचे सांगून दमले होते की निदान कीबोर्ड तरी घे. व्हॉट्सअ‍ॅपवर आवाहन केलं. आलेल्यात निम्मी हिंदी सिनेमाची गाणी. एकाने कुत्र्याचं भुंकणं पाठवलं, तालात होतं. आणि एका सूनबाईंनी भोरकडून आलेल्या आपल्या सासूबाईंची ओवी पाठवली. स्वयंपाकघरात रेकॉर्ड केलेली, मागे नळ चालू.

ती ओवी सरळ नव्हती. आजी पहिल्या चरणाच्या शेवटी भलत्याच ठिकाणी श्वास घ्यायच्या, त्यामुळे एक ओळ सात मात्रांची व्हायची, पुढची नऊची. जातं ओढताना हात जिथे पलटतो तिथे तो श्वास असावा असा माझा अंदाज. मुलांनी ती म्यूझस्कोर या नोटेशन लिहायच्या सॉफ्टवेअरवर उतरवली आणि दर दोन मापांना टाइम सिग्नेचर (एका मापात किती मात्रा ती खूण) बदलत गेली.

रचना एकत्र बांधायला आमचे एक स्नेही होते, सुरुवातीला म्हटलेले गृहस्थ ते हेच. मुंबईत कैक वर्षं सिनेमाच्या रेकॉर्डिंगला व्हायोलिन वाजवलेलं, हात सोन्याचा, कान त्याहून तयार. त्यांनी पहिल्या तालमीलाच ओवी चार-चार मात्रांत बसवली. “अहो, पोरांना मोजता यायला नको का?” हॉर्नवाली मुलगी म्हणाली, “काका, मग ती आजींची कशी राहिली?” पोरांनी ऐकलं नाही. दोन शनिवार नुसतं सात-नऊ सात-नऊ मोजण्यात गेले. आणि तुम्हाला खरं सांगतो, सबंध वीस मिनिटांत ऐकण्यासारखी जागा ती एकच होती. सगळी वाद्यं थांबतात, हॉर्न एकटा ती ओळ घेतो, आणि मध्येच श्वासाएवढी जागा रिकामी सुटते. स्नेह्यांनी त्याच्याखाली चेलोचा एक लांब स्वर ठेवला होता. तो त्यांचाच, आणि अप्रतिम.

कार्यक्रमाच्या दिवशी पत्रिका हातात आली. ‘संगीत आणि संयोजन’ यापुढे एकच नाव. खाली बारीक अक्षरांत ‘मंडळाच्या सभासदांच्या सहकार्याने’. आजी पहिल्या रांगेत होत्या. सुनेने पत्रिका वाचून दाखवली, त्यावर काही बोलल्या नाहीत. हॉर्न वाजला तेव्हा मात्र मागच्या तीन रांगांना ऐकू जाईल असं म्हणाल्या, “मेल्यांनो, माझीच ओवी मला ऐकवताय होय!”

पार्किंगमध्ये मी स्नेह्यांना गाठलं. त्यांचं म्हणणं असं: “चाल बांधतो त्याची रचना. ओवी कुणाची नसते. आणि अहो, मी एवढी वर्षं रेकॉर्डिंगला वाजवलं, माझं नाव कुठे छापून आलं? कुणी रडलं का?”

तेव्हा थंडीत मला उत्तर सुचलं नाही. आता देतो.

पहिलं म्हणजे, ज्याचं स्वतःचं नाव कुठे आलं नाही त्यानेच दुसऱ्याचं गाळायचं, हा कुठला न्याय? मुंबईच्या सिनेसंगीतात दुसरं काय झालं? संगीतकार पेटीवर चाल गुणगुणायचा, आणि त्या चालीभोवती व्हायोलिनचा ताफा, ब्रास, मधले म्युझिक पीस कागदावर उतरवायचे ते गोव्याचे अरेंजर. शंकर-जयकिशनचा तो भरदार आवाज डोळ्यांसमोर आणा, त्याचं नोटेशन सेबास्तियन डिसोझांचं. अँथनी गोन्साल्विसनी १९५८ साली मुंबईत स्वतःचा सिंफनी ऑर्केस्ट्रा उभा केला, त्यात लता मंगेशकर आणि मन्ना डे गायले. आज लोकांना त्यांचं नाव माहीत आहे ते प्यारेलाल त्यांचे शिष्य होते आणि एका विनोदी गाण्यात गुरूंचं नाव आलं म्हणून! मिळून केलेलं काम आणि एकाचं नाव, हे आपल्याकडे तंत्रज्ञान यायच्या कितीतरी आधीपासून चालू आहे. अ‍ॅपने फक्त नाव नसलेल्यांची संख्या वाढवली.

दुसरं, ‘ओवी कुणाची नसते.’ गी पॉयतवाँ आणि हेमा राईरकर यांनी गावोगावच्या बायकांकडून जात्यावरच्या लाखाच्या वर ओव्या गोळा केल्या. त्यात ओवीबरोबर गाणारणीचं नाव आणि गावही नोंदवलेलं आहे. ओवी आईकडून आलेली, आजीकडून आलेली, तरी ती त्या दिवशी गायली कुणी, हे त्यांनी लिहून ठेवलं. कागद-पेन्सिल आणि टेपरेकॉर्डरच्या जमान्यात हे जमलं, तर मोबाइलवर प्रत्येक फाइलबरोबर पाठवणाऱ्याचं नाव आपोआप येत असताना जमत नाही म्हणणं हा शुद्ध आळस आहे.

म्हणजे सरळ उत्तर: ‘संगीत’ यापुढे ज्याने शेवटचे निर्णय घेतले त्या एका माणसाचं, फार तर दोघांचं नाव छापा. ‘नाशिककर’ असं छापू नका. ते दिसायला उदार असतं, पण त्यात कुणाचंच नाव नसतं, आणि रचना बिघडली तर जबाबदारही कुणी नसतो. त्याखाली, त्याच आकाराच्या अक्षरांत, ज्यांच्या सुरावटी रचनेत ओळखता येतात त्यांची नावं, कोणत्या भागात कुणाचं आहे त्यासकट. नुसते आवाज पाठवणारे शेवटी, पण तेही नावाने. पत्रिका लांबली तर लांबू द्या, जाहिरातींना पानं मिळतातच ना?

आणि पेन ज्याच्या हातात असेल त्याच्याकडून आधीच कबूल करून घ्या की लोकांकडून आलेली निदान एक वेडीवाकडी गोष्ट तो सरळ करणार नाही. तयार माणसाचा हात सवयीने चार मात्रांकडेच जातो. आमचे स्नेही हे वाचत असतील तर त्यांना सांगतो, चेलोचा स्वर तुमचा, कबूल. पण तो ज्याच्यासाठी आहे तो श्वास तुमचा नव्हे, आणि तुमचं चाललं असतं तर तो राहिलाही नसता.

काही गोष्टी राहिल्या. टोरंटोकडे मोठा ऑर्केस्ट्रा होता, पैसा होता आणि एमआयटीची माणसं होती, तुमच्याकडे यातलं काही नसेल, त्यामुळे त्यांची नक्कल करायला जाऊ नका. लहान मुलांचे आवाज घेतलेत तर आईवडिलांची लेखी परवानगी घ्या. सिनेमातल्या सुरावटी येतीलच, त्या सभ्यपणे बाजूला काढा. आणि मी काही शिकलेला संगीतकार नाही, कॉन्चेर्तोबद्दल काही चुकलं असेल तर जाणकारांनी दुरुस्त करावं. नावांबद्दल मात्र मी मागे हटणार नाही.

सॉफ्टवेअर: नोटेशन येत नसलेल्यांसाठी हायपरस्कोर, ते आता ब्राउझरमध्ये चालतं. नोटेशनसाठी म्यूझस्कोर, फुकट आहे. आवाज गोळा करायला वेगळं अ‍ॅप बांधू नका, व्हॉट्सअ‍ॅप पुरतं. कॉम्प्युटर काय वाट्टेल ते वाजवून दाखवतो, क्लॅरिनेटवाल्या पोराला मात्र श्वास लागतो, तेव्हा प्रत्येक भाग ज्याने वाजवायचा त्याच्याकडून आधी वाजवून घ्या. आणि ही वाद्यं लिहिलेल्या स्वरापेक्षा खाली वाजतात, म्हणून हॉर्नचा पार्ट एफमध्ये, क्लॅरिनेटचा बी-फ्लॅटमध्ये बदलून छापलाय ना, ते तालमीच्या आदल्या रात्री नाही, आठवडाभर आधी बघा.